स्पीडवेचे संघ आणि हिवाळ्यांतील वाद

खेळांचे इतिहास लिहिणारे लेखक बहुधा मैदानावर जें घडलें तेवढेंच नमूद करितात. कोण जिंकला, कोण हरला, गुण किती झाले, चषक कोणाकडे गेला, एवढें सांगून झालें म्हणजे त्यांची लेखणी विसावते. परंतु कांहीं खेळ असे आहेत कीं, त्यांचा अर्धा इतिहास मैदान ओस पडल्यावर घडत असतो. इंग्लंडांतील स्पीडवे हा त्यांपैकीं एक होय. तेथें ऑक्टोबर संपतां संपतां शर्यती थांबतात व मार्चमध्यें पुन्हां सुरू होतात. आणि मधल्या चार-पांच महिन्यांच्या थंडीपावसांत या खेळाचे अनुरागी एकाच प्रश्नाचा खल करीत बसतात. येत्या हंगामांत आपल्या संघांत कोणास घ्यावें, कोणास ठेवावें, आणि कोणास निरोप द्यावा? वरवर पाहणाऱ्यास ही चर्चा रिकामटेकड्यांची वाटेल. तींत शिरून पाहिलें तर निराळेंच कांहीं दिसतें, आणि तेंच आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

आपल्याकडे हा खेळ फारसा परिचित नाहीं, म्हणून प्रथम त्याचें स्वरूप सांगणें अवश्य आहे. लंबवर्तुळाकार धांवपट्टी, तीवर बारीक कुटलेल्या दगडमातीचा सैल थर, चार मोटारसायकली, त्यांवर चार स्वार, आणि चार फेऱ्या. एवढ्यांत शर्यत संपते. तिला सुमारें एक मिनिट लागतें. गाडीचें एंजिन ५०० घनसेंटिमीटरचें, इंधन मेथॅनॉल, गिअर एकच, आणि ब्रेक मुळींच नाहीं. वळण आलें कीं स्वार मागचें चाक मुद्दाम घसरूं देतो, पुढचें चाक उजवीकडे फिरवितो, पोलादी तळ बसविलेला डाव्या पायांतला बूट जमिनीवर टेकवितो, आणि अशा रीतीनें तिरपा घसरत डावीकडचें वळण घेतो. प्रत्येक शर्यतींत एका संघाचे दोन व दुसऱ्याचे दोन असे स्वार उतरतात. पहिल्यास ३ गुण, दुसऱ्यास २, तिसऱ्यास १, चौथ्यास शून्य. १९६५ नंतर दीर्घकाळ प्रचारांत असलेल्या पद्धतींत संघांत सात स्वार असत व सामन्यांत अशा १३ शर्यती होत. म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून गुण ७८, आणि ज्याचे ४० भरले तो संघ विजयी.

या आकड्यांनीं वाचकांनीं कंटाळूं नये, कारण या खेळाच्या अनुराग्यांची सारी मनोरचना त्यांतूनच घडली आहे. मैदानावर शिरतांना प्रेक्षक छापील कार्यक्रमपत्रिका विकत घेतो. तींत प्रत्येक शर्यतीपुढें रिकामे रकाने असतात. शर्यत संपून धूळ खालीं बसते न बसते तोंच तो ते रकाने पेन्सिलीनें भरतो. कोण कितवा आला, किती सेकंद लागले, दोन्ही संघांची बेरीज काय झाली, सर्व त्याच्या हातचें लिहिलेलें असतें. अशा पत्रिका घरोघरीं वर्षांनुवर्षें जपून ठेवितात. फुटबॉलचा प्रेक्षक घरीं आठवण घेऊन जातो, स्पीडवेचा प्रेक्षक हिशेबाची वही घेऊन जातो म्हटलें तरी चालेल. आणि हिवाळ्यांत वाद सुरू झाला कीं ही वही पुराव्यादाखल पुढें येते.

खेळाची जन्मकथा बहुतेक पुस्तकांतून अशी सांगतात कीं, ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स प्रांतांत वेस्ट मेटलंड गांवीं कृषिप्रदर्शनाचा चिटणीस जॉनी हॉस्किन्स हा होता, मूळचा न्यूझीलंडचा. त्यानें १५ डिसेंबर १९२३ रोजीं विजेच्या दिव्यांखालीं प्रदर्शनाच्या मैदानावर मोटारसायकलींच्या शर्यती लाविल्या, आणि तेथून हा खेळ निघाला. मातीच्या पट्ट्यांवर शर्यती त्याआधींही होत असत; म्हणून जनकत्वाचा मान हॉस्किन्सला द्यावा कीं नाहीं याविषयीं जाणत्यांत मतभेद आहे. आम्ही त्या वादांत पडत नाहीं. इंग्लंडांत खेळ रुजला तो १९ फेब्रुवारी १९२८ रोजीं, लंडनजवळच्या एपिंग अरण्यांतील हाय बीच या ठिकाणीं, असें सामान्यतः मानितात. त्या दिवशीं चालकांच्या अपेक्षेच्या कितीतरी पट गर्दी लोटली, आणि वर्षभरांत गांवोगांव धांवपट्ट्या निघाल्या.

पहिल्या वर्षीं लोक येत ते तमाशा पाहण्यास. व्हिक हक्सली, फ्रँक आर्थर अशा ऑस्ट्रेलियन स्वारांचीं नांवें भिंतीवरच्या जाहिरातींत झळकत, आणि सर्कशींतील कसरतपटूकडे पाहावें तसें लोक त्यांच्याकडे पाहत. आज येथें, उद्यां तेथें. त्यांचें कौतुक होतें. परंतु त्यांस कोणी आपलें म्हणत नव्हतें. १९२९ सालीं दक्षिणेकडे एक व उत्तरेकडे एक अशा दोन लीग निघाल्या, १९३२ पासून दोहोंच्या जागीं एकच नॅशनल लीग आली, आणि या अवधींत सर्व पालटलें. स्वाराच्या छातीवर संघाचें चिन्ह आलें. प्रेक्षकांच्या गळ्यांत त्या रंगाचे पट्टे आले. वेम्ब्ली, बेल व्ह्यू, वेस्ट हॅम, न्यू क्रॉस, विम्बल्डन हीं नांवें कुळांसारखीं झालीं. जो स्वार कालपर्यंत नुसता शूर पुरुष होता तो आतां ‘आमचा’ झाला, आणि त्याच क्षणीं तो दुसऱ्याचा होऊं शकेल ही भीतिही जन्मास आली.

ही भीति किती खरी होती हें महायुद्धानंतर दिसून आलें. युद्धाच्या वर्षांत लीग बंद होती. १९४६ सालीं ती पुन्हां सुरू झाली तेव्हां वरच्या वर्गांत संघ सहाच निघाले, आणि युद्धापूर्वींच्या कित्येक संघांचे स्वार मोकळे होते. तेव्हां नियामक मंडळानें सर्वांची प्रतवारी लावून ते संघांत वांटून दिले. बिल किचन हा युद्धापूर्वीं मँचेस्टरच्या बेल व्ह्यूचा मोहरा. तो लंडनला वेम्ब्लीचा कप्तान झाला. जॅक पार्कर लंडनच्या हॅरिंगेचा. तो बेल व्ह्यूकडे गेला. ज्या लोकांनीं सात-सात वर्षें एकाच्या नांवानें आरोळ्या ठोकल्या होत्या, त्यांस आतां त्याच्याच पराभवाची इच्छा करणें प्राप्त झालें. वांटणी न्याय्य होती यांत शंका नाहीं. परंतु न्याय्य वांटणीनेंही माणसाचें मन कसें दुभंगतें हें भाऊबंदकींतल्या घरांत वाढलेल्या आमच्या वाचकांस निराळें सांगणें नको.

समान वांटणी फार दिवस समान राहिली नाहीं. वेम्ब्लीचें क्रीडागार इंग्लंडांतील सर्वांत मोठ्यांपैकीं. त्याचा मालक आर्थर एल्विन हा धोरणी. आणि संघाचा व्यवस्थापक ॲलेक जॅक्सन यास होतकरू पोरें हेरण्याची विलक्षण दृष्टि. राय हाउस येथील पट्टीवर त्यानें नवशिक्यांस तयार करण्याची व्यवस्था केली, आणि त्यांतूनच पुढें १९५० व १९५३ सालीं जगज्जेता झालेला वेल्समधील फ्रेडी विल्यम्स निघाला. एल्विननें केवळ पैशाच्या जोरावर संघ बांधला असें म्हणणाऱ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये. तथापि परिणाम काय झाला तो पाहा. १९४६ व १९४७ सालीं वेम्ब्ली विजयी. १९४८ सालीं ऑलिंपिक सामन्यांसाठीं क्रीडागार गेल्यामुळें संघास कांहीं काळ विम्बल्डनच्या पट्टीवर आपले सामने खेळावे लागले, आणि तेवढें वर्ष न्यू क्रॉसला मिळालें. त्यानंतर १९४९ पासून १९५३ पर्यंत ओळीनें पांच वर्षें वेम्ब्लीच. आठ हंगामांत सात विजय! वेम्ब्लीच्या भक्तांस हें सुवर्णयुग वाटलें असल्यास नवल नाहीं. इतर गांवच्या लोकांनीं मात्र एप्रिलमध्येंच ऑक्टोबरचा निकाल ओळखावयास आरंभ केला.

याच काळांतील एडिंबरोची गोष्ट आम्हांस विशेष बोलकी वाटते. स्कॉटलंडच्या या राजधानींत ओल्ड मेडोबँक मैदानावर १९४८ सालीं ‘मोनार्क्स’ नांवाचा संघ उभा राहिला; तो दुसऱ्या वर्गांतला. पुढच्या वर्षीं त्यांत ॲडिलेडचा जॅक यंग आला. दोन वर्षांत त्याची कीर्ति एवढी वाढली कीं, १९५१ सालच्या जागतिक अंतिम स्पर्धेसाठीं वेम्ब्लीस ज्या सोळा स्वारांची निवड झाली त्यांत तो होता. त्या स्पर्धेंत प्रत्येकानें पांच शर्यती करावयाच्या व गुणांची बेरीज पाहावयाची अशी रीत होती. हॅरिंगेचा जॅक बिग्ज पहिल्या चारही शर्यती जिंकून १२ गुणांवर उभा होता. शेवटच्या शर्यतींत एक गुण, म्हणजे केवळ तिसरा क्रमांक, मिळाला असता तरी तो जगज्जेता होता. तो चौथा आला. यंग, बिग्ज व स्प्लिट वॉटरमन या तिघांचे १२-१२ गुण झाले. निकालासाठीं तिघांची वेगळी शर्यत झाली आणि ती यंगनें मारिली. दुसऱ्या वर्गाच्या संघांतील स्वारानें जागतिक पद मिळविण्याचा तो पहिलाच प्रसंग.

आतां त्या हिवाळ्यांत एडिंबरोच्या लोकांची स्थिति काय झाली असेल याची कल्पना करावी. सार्‍या जगांतला श्रेष्ठ स्वार त्यांचा. दर आठवड्यास तो त्यांच्या डोळ्यांपुढें धांवणार! पण १९५२ चा हंगाम सुरू होण्यापूर्वींच यंग लंडनच्या वेस्ट हॅमकडे गेला. किंमत ३,७५० पौंड, त्या काळचा उच्चांक. चालकांची बाजू विचारांत घेतली पाहिजे. दुसऱ्या वर्गाच्या संघास एवढी रक्कम थोडी नव्हती. आणि जगज्जेत्यानें खालच्या वर्गांत सामान्य स्वारांना हरवीत बसावें हें त्यासही शोभण्यासारखें नव्हतें. यंगनें १९५२ सालीं वेस्ट हॅमच्या झग्यांत पुन्हां जागतिक पद मिळविलें. असें दोनदां करणारा तो पहिला. वेस्ट हॅमला मात्र त्याच्यामुळें लीग मिळाली नाहीं. ती वेम्ब्लीनेंच नेली. आणि एडिंबरोचें मैदान १९५४ सालीं बंद पडलें. यंग गेला म्हणूनच तें बंद पडलें असें आम्ही म्हणत नाहीं. करमणुकीवरील जबर कर, घरोघरीं आलेलें टेलिव्हिजन, पेट्रोलची टंचाई, अशीं कारणें त्या दशकांत सर्वत्र होतीं, आणि त्यांनीं कितीतरी मैदानें गिळलीं. परंतु उत्तम मनुष्य विकून आलेला पैसा गर्दी परत आणीत नाहीं, ही गोष्ट एडिंबरोकर विसरले नाहींत.

वेम्ब्लीचें तरी काय झालें? १९५७ च्या फेब्रुवारींत सर आर्थर एल्विन वारला, आणि त्या वर्षींच्या हंगामापूर्वींच वेम्ब्लीनें स्पीडवेंतून अंग काढून घेतलें. ज्याच्या जिंकण्याचा सर्वांस वीट आला होता त्याच्यावांचून लीग अधिकच केविलवाणी दिसूं लागली. १९६० सालीं लहान गांवांची प्रॉव्हिन्शियल लीग निघाली; एडिंबरोही तीतून पुन्हां उभें राहिलें. १९६४ सालीं या लीगचें व नियामक मंडळाचें भांडण विकोपास जाऊन तिनें परवान्यावांचून हंगाम पार पाडला. वरच्या नॅशनल लीगमध्यें त्या वर्षीं संघ उरले होते अवघे सात. लॉर्ड शॉक्रॉस यांच्याकडे चौकशी सोंपविण्यांत आली, आणि १९६५ सालीं दोहोंची मिळून १८ संघांची ब्रिटिश लीग झाली.

या नव्या संसाराचा पाया एकाच तत्त्वावर घातला होता: पुन्हां वेम्ब्ली होऊं द्यावयाचें नाहीं. हंगाम संपला कीं एक समिति बसे, सर्व संघांचें बळ तोलून पाही, आणि बलिष्ठ संघांतून स्वार काढून दुबळ्यांस देई. दर हिवाळ्यास हा निवाडा बाहेर पडे आणि दर हिवाळ्यास कोठें ना कोठें आक्रोश होई. आपण प्रामाणिकपणें संघ उभा केला, पोर शिकवून तयार केलें, आणि आतां तें शेजाऱ्यास द्यावें काय? पुढें समितीच्या मर्जीऐवजीं गणित आलें. प्रत्येक स्वाराची सरासरी काढावयाची, व संघांतील सर्वांच्या सरासरींची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या आंत ठेवावयाची. तो आकडा चालक मंडळी परिषदेंत ठरवीत. कधीं ५० च्या आसपास, कधीं त्याहून खालीं.

हें गणित असें. स्वाराचे गुण घ्यावे. आपल्याच जोडीदाराच्या पाठोपाठ तो आला असेल आणि प्रतिस्पर्ध्यांपैकीं एकास तरी त्यानें मागें टाकिलें असेल तर एक गुण अधिक धरावा, कारण जोडीदारास मागें टाकण्याच्या नादीं लागून त्यानें संघाचें नुकसान करूं नये. ही बेरीज चारांनीं गुणावी व त्यानें केलेल्या शर्यतींनीं भागावी. समजा, ४० शर्यतींत कोणी ७० गुण मिळविले व १० अधिक गुण पदरांत पडले. ८० गुणिलें ४ भागिलें ४०, म्हणजे त्याची सरासरी ८. अजिंक्य स्वाराची सरासरी १२ होईल. मर्यादा ५० धरिली तर सात जणांस सरासरी सातांहून थोडें अधिक वांट्यास येतात.

येथून हिवाळ्यांतला खरा वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, दोन सिंह घ्यावे: दहा-दहांचे दोघे; उरलेल्या तिसांत सहा-सहांचे पांच सामान्य स्वार मावतात. लोक सिंह पाहण्यासच तिकीट काढतात. दुसरा पक्ष म्हणतो, सिंहानें शर्यत जिंकावी आणि त्याचा जोडीदार चौथा यावा, तर गुण ३-३ असेच पडतात. सामने जिंकले जातात ते तिसऱ्या क्रमांकावर, राखीव स्वारांच्या बळावर. आणि सिंहाचें गळ्याचें हाड एकदां मोडलें म्हणजे सगळा हंगाम बुडाला. ही शेवटची भीति पोकळ नाहीं. हाडें या खेळांत फार मोडतात, आणि कधीं त्याहून वाईट होतें. १९५५ व १९६२ सालचा जगज्जेता, बेल व्ह्यूचा पीटर क्रेव्हन, १९६३ च्या सप्टेंबरमध्यें एडिंबरोच्याच मैदानावर पडलेल्या स्वारास चुकवितांना आदळला व चार दिवसांनीं मरण पावला.

दुसऱ्या पक्षाकडे आमचा कल आहे. परंतु त्याचेही शहाणे लोक शेवटीं ज्या शोधांत गुंततात तो पाहिला म्हणजे या गणिताची खोच ध्यानांत येते. ते शोधीत असतात फसवी सरासरी: ज्याची योग्यता आठाची पण आकडा पांचाचा आहे असा स्वार. कोणी दुखापतींतून उठलेला, कोणी गेल्या वर्षीं न जमणाऱ्या पट्टीवर अडकून पडलेला, कोणी परदेशांतून नुकताच आलेला. असा एक सांपडला कीं तीन गुणांचें घबाड मिळाल्याचा आनंद! उलट, ज्यानें वर्षभर जीव तोडून आपली सरासरी पांचांवरून आठांवर नेली, त्याच्याकडे पाहून त्याचेच चाहते सुस्कारा टाकतात. कारण तो आतां बेरजेंत बसत नाहीं. सगळे जण सुधारले म्हणूनच संघ जिंकला, आणि सगळे सुधारले म्हणूनच तो मर्यादेबाहेर गेला. पराभूत संघ तसाच्या तसा राहूं शकतो. विजयी संघास फुटलेंच पाहिजे. २००८ पासून आपल्याकडे क्रिकेटपटूंचा जाहीर लिलाव होऊं लागला व संघांच्या थैलीस मर्यादा पडली, हें वाचकांस ठाऊकच आहे. तेथें मर्यादा पैशाची. येथें ती पराक्रमाचीच.

शिवाय या बेरजेखालीं माणसें आहेत. स्पीडवेचा स्वार बहुधा पगारी नोकर नसतो. शर्यतीस उतरल्याचे व मिळालेल्या गुणांचे पैसे त्यास मिळतात. गाडी, एंजिन, प्रवास सगळा ज्याचा त्यानें पाहावयाचा. मार्च उजाडला, सर्व संघांच्या बेरजा भरल्या, आणि साडेआठांच्या एखाद्या चांगल्या स्वारास कोठेंच जागा उरली नाहीं, तर तो आपल्या कर्तबगारीमुळेंच बेकार झाला असें म्हणावें लागतें. तिकडची पत्रें स्वाराचा उल्लेख ‘अमक्या संघाची मालमत्ता’ असा बेधडक करितात, त्यास उसनवारीनें देतात व घेतात. शब्दाची संवय झाली म्हणजे त्यांतील बोंच जाते. आम्हांस मात्र तो शब्द प्रत्येक वेळीं खटकतो.

मग मर्यादा नको काय? नसती तर काय होतें हें वेम्ब्लीनें दाखविलें, आणि मर्यादेच्या नियमांतही धनवंतास वाट सांपडते हें ऑक्सफर्डनें दाखविलें. १९८४ सालीं हा संघ वरच्या वर्गांत आला तो बर्मिंगहॅमच्या बंद पडलेल्या संघाचा डॅनिश मोहरा हान्स निल्सन यास घेऊन. १९८५ व १९८६ अशीं लागोपाठ दोन वर्षें लीग त्याचीच झाली. तेव्हां बंधन असावें असेंच आमचेंही मत पडतें. फक्त संघानें स्वतः शिकवून वाढविलेल्या पोराच्या सुधारणेचा दंड त्या संघास होऊं नये एवढी सवलत कायमची हवी होती. तिचे प्रयोग मधूनमधून झाले, पण नियम दरवर्षीं बदलण्याची चालकांची खोड अशी कीं, कोणत्याही चांगल्या नियमास मूळ धरावयास अवसर मिळाला नाहीं. आणि कोणताही नियम ज्यास बांधूं शकत नाहीं अशीही एक गोष्ट आहे: स्वाराची मर्जी. १९८२ सालीं क्रॅडली हीथचा अमेरिकन स्वार ब्रूस पेनहॉल लॉस अँजेलिस येथें सलग दुसऱ्यांदा जगज्जेता झाला, आणि टेलिव्हिजनच्या मालिकेंत काम करण्यासाठीं त्यानें तेथल्या तेथें खेळ सोडला. क्रॅडलीच्या लोकांच्या वह्यांतले आडाखे एका रात्रींत फुकट गेले. त्यांनीं मात्र १९८३ ची लीग तरीही जिंकून दाखविली!

स्वार जातात, नियम पालटतात, मालक बदलतात; मग ज्याला हे लोक ‘आपला संघ’ म्हणतात तो असतो तरी कोठें? एडिंबरोची कथा आम्ही अर्धवट सोडली होती, ती येथें पुरी करितों. १९७० च्या राष्ट्रकुल क्रीडासामन्यांसाठीं ओल्ड मेडोबँकची जागा घेतली गेली, आणि १९६७ चा हंगाम संपल्यावर मोनार्क्सना ती सोडावी लागली. १९६८ व १९६९ हीं दोन वर्षें त्यांनीं ग्लासगोजवळ कोटब्रिज येथें काढलीं. मग १९७० सालीं त्यांचा परवानाच विकला गेला. घेणारा कोण? वेम्ब्ली! तेरा वर्षांनीं वेम्ब्लीचे सिंह पुन्हां धांवूं लागले ते एडिंबरोच्या परवान्यावर, आणि बर्ट हार्किन्स, रायडर आयडे असे मोनार्क्सचे स्वार त्यांच्या झग्यांत दिसूं लागले. दोन हंगामांनंतर फुटबॉलच्या सामन्यांपुढें क्रीडागार मोकळें मिळेना, म्हणून वेम्ब्लीनें पुन्हां दार लाविलें. स्वारांची पांगापांग झाली.

एडिंबरोच्या हातीं आतां कांहींच नव्हतें. ना मैदान, ना परवाना, ना एकही स्वार. १९७७ सालीं पावडरहॉल येथें मोनार्क्स पुन्हां उभे राहिले. १९९५ सालीं तेंही मैदान विकलें गेलें. १९९६ सालीं त्यांस ‘स्कॉटिश मोनार्क्स’ या नांवानें शॉफील्ड येथें, म्हणजे ज्यांच्याशीं त्यांचें पिढीजात वैर त्या ग्लासगोकरांच्या अंगणांत, धांवावें लागलें. कित्येक जुन्या प्रेक्षकांस तेथें बसून आपल्याच संघास ओरडून उत्तेजन देणें जड गेलें असेल. १९९७ सालीं एडिंबरोपासून बऱ्याच अंतरावर आर्मडेल या लहानशा गांवीं त्यांनीं बिऱ्हाड केलें, आणि हंगाम संपतांच तेथेंही तीच वही निघाली, तीच बेरीज मांडली गेली, आणि यंदां कोणास ठेवावें यावर तोच वाद जुंपला.